रंगूबाईची पुरचुंडी

मंगरूळपीर, ता. २५ नोव्हेंबर १९७४

पाना,

रागावलेल्या नणंदेला कोणता मायना लिहायचा ते आमच्या शाळेत शिकवलं नव्हतं, म्हणून नुसतं नाव लिहिलं आहे. चारचौघांत मी तुला पानाबाई म्हणत आले, पण आपल्या दोघींत तू पाना आणि मी जतन. तेवढं तरी तू अजून मोडलं नसशील.

तुझं पत्र पोचलं. लहान पत्रात एवढ्या शिव्या बसवायच्या म्हणजे कसब लागतं, ते तुझ्यात आहे. माझ्या भावानं तुझं काय वाईट केलं, भरलं घर टाकून माहेरी का जाऊन बसलीस, असं तू विचारलंस. तर ऐक, तुझ्या भावानं काही वाईट केलं नाही. शेलूबाजारात शिखरचंदांएवढा सरळ दुकानदार दुसरा नाही. गिऱ्हाईकाला गूळ मोजताना त्यांचा हात नेहमी थोडा जास्तच देतो, आणि आपल्या आईची, बाईंची, त्यावरून रोज बोलणी खातात. माझी तब्येत ठीक नव्हती म्हणून मी लखमीचंददादाकडे आले, एवढंच समज. चंदा मजेत आहे. मामाच्या अंगणात कोंबड्यांसारखी माती उकरत असते.

मी हे पत्र भांडण मिटवायला लिहीत नाही. तुला सहावा महिना लागल्याचं कळलं. पहिलं बाळंतपण, म्हणजे तू मालेगावहून शेलूबाजारला बाईंकडे येशील आणि बाई रंगूबाई दाईलाच बोलावतील. बोलावू दे. रंगूबाईचा हात चांगला आहे, अडलेलं पोर ती सोडवते. पण बाळ झाल्यावर ती जी औषधाची पुरचुंडी आत ठेवते, ती ठेवू देऊ नकोस. का, ते आज विचारू नकोस. एवढं एक ऐक आणि मग जन्मभर माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल. असं लिहिलं आहे खरं, पण चालणार नाही.

तुझी जतन

मंगरूळपीर, ता. ११ डिसेंबर १९७४

पाना,

तर तुझं म्हणणं असं की मी तुझ्या आईवर किटाळ घेते. पुरचुंडी घरातल्या सगळ्या बायकांना दिली, कोणाला काही झालं नाही, मलाच कसं झालं? बरं. मग आता सगळंच वाच. खेमचंदजींनी हे पाकीट आधी फोडलं असेल तर त्यांनीही वाचावं, बायकोच्या जिवाचा प्रश्न आहे, लाजून पान उलटू नये.

चंदा झाली तेव्हा सगळं नीट झालं होतं. वार पडली, आणि रंगूबाईनं तलम फडक्यात बांधलेली पुरचुंडी आत सारली. तुरटी, माजूफळ आणि चिमूटभर मोरचूद. अंग आवळून पहिल्यासारखं होतं म्हणतात. तिसऱ्या दिवशी ती काढायची असते आणि काढायची तिनंच. पण दुसऱ्या दिवशी तिच्या भावाच्या मरणाचा निरोप आला आणि ती वाशीमपलीकडे निघून गेली. आता तू आपल्या घरची रीत जाणतेस. बाळंतिणीला सोयर. दाई सोडून कोणी तिला शिवायचं नाही. शिवली तर तिलाही दहा दिवस चूल बंद, मंदिर बंद. मी आतून सांगत होते की जळतंय. बाई उंबऱ्याबाहेरून म्हणाल्या, "सगळ्याईले जळते, रडू नको, दूध आटते." मला स्वतःला हात लावायची छाती झाली नाही. घरातून तसं सांगूनच ठेवलं होतं, की दाईशिवाय कोणी हात लावला तर बाळंतीण मरते. दहाव्याला रंगूबाई परत आली ती धावतच खोलीत आली. फडकं ओढलं तेव्हा त्याच्याबरोबर काय काय आलं ते लिहीत नाही. ती माझ्या पायाशी बसून राहिली आणि मला ताप चढला. ताप उतरला, जखम भरली. सगळ्यांना वाटलं, झालं बरं.

जखम भरली, पण वाट बुजवून भरली.

तुझं लग्न झालेलं आहे, तुला समजेल. तुझे भाऊ जवळ आले की मी किंचाळत असे. दोन-चार वेळा झालं आणि ते दुकानात तुरीच्या पोत्यांवर निजायला लागले. बोलले नाहीत, मीही बोलले नाही. चंदा अंगावरची होती तोवर पाळी नव्हती. मग सुरू झाली ती थेंबथेंब, आणि पोटात असा गोळा यायचा की मी दाताखाली पदर धरत असे. पावसाळ्यात थेंबही बंद झाले. पोट वर आलं. बाईंना वाटलं, दिवस गेले. त्यांनी आख्ख्या गल्लीत गूळ-खोबरं वाटलं.

पाना, तुझे भाऊ वर्षभर दुकानात निजत होते. गूळ-खोबऱ्याचं ताट घेऊन बाई त्यांच्यापुढे गेल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला झोडपलं असतं तर मी तिथेच राहिले असते, पण ते पाहणं मला सोसलं नाही. सकाळची एस.टी. धरली आणि चंदाला घेऊन इथं आले. भरलं घर टाकलं ते हे असं.

आता सांग, पुरचुंडी घेशील?

जतन

अकोला, ता. ५ जानेवारी १९७५

पाना,

तुझं उत्तर नाही, पण तुझ्या हातचे मेथीचे लाडू खेमचंदजींनी दादाच्या दुकानी पोचते केले. कडू आहेत. राग गेला की नाही ते लाडवांवरून कळेना, पण खाऊन टाकले.

वहिनी मला इथल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आली आहे. डॉक्टरीणबाई ठेंगणी आहे, चालते भरभर आणि बोलते त्याहून भरभर. तपासताना मी सगळं 'तिथं' आणि 'त्या जागी' म्हणून सांगत होते. ती म्हणाली, अग, नाकाला नाक म्हणतेस, गुडघ्याला गुडघा म्हणतेस, याला योनिमार्ग म्हणायचं. मी हळूच म्हटलं. ती म्हणाली, मोठ्यानं. मी मोठ्यानं म्हटलं तर वहिनी बाहेर पळाली.

मग तिनं मला समजेल असं सांगितलं. भाजलेली दोन बोटं एकाच चिंधीत बांधून ठेवली तर काय होईल? भरताना एकमेकांना चिकटतील. माझं तेच झालं आहे. मोरचुदानं आतली कातडी जळाली आणि दोन्ही बाजू एक होऊन गेल्या. महिन्याचं रक्त वर अडलं. पोटात कोणी नाही, रक्त साठलं आहे. मी विचारलं, हे मला एकटीलाच? ती म्हणाली, तुझ्या शेजारच्या खाटेवर पाहा. तिथं तांड्यावरच्या हेमसिंगची बायको आहे. तिला कोणी पुरचुंडी दिली नव्हती. पोर तीन दिवस अडून राहिलं, आतली जागा दाबून दाबून मेली आणि मग तशीच आकसली. कोणाला बाळंतपणात फाटलेलं कोणीच शिवत नाही, कोणाला पोट पाडायला भलतंसलतं आत घालतात, म्हातारपणीही कातडी सुकून आवळते. कारणं पुष्कळ आहेत, ती म्हणाली, पण बायका सांगायला येतात कुठे? येतात तेव्हा दहा वर्षांनी येतात. तू लवकर आलीस, शहाणी आहेस. मला आजवर शहाणी कोणी म्हटलं नव्हतं, तुझ्या पत्रात तर नाहीच.

ऑपरेशन करायचं ठरलं आहे. नवऱ्याची सही लागते. दादानं शेलूबाजारला निरोप धाडला आहे. ते येतील का?

जतन

अकोला, ता. २७ जानेवारी १९७५

पाना, बाई ग,

आले. निरोप मिळाला त्याच दिवशी दुकानाला कुलूप लावून आले. दुकान दिवसा बंद म्हणजे बाजारात लोकांना वाटलं कोणी गेलं.

डॉक्टरीणबाईनं त्यांना समोर बसवून सगळं सांगितलं, पोटात काय आहे तेही. त्यांनी टेबलावरची शाईची दौत पुढे ओढली. सही केली. बाहेर बाकावर येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मले वाटे, तुले माही किळस आली."

मी म्हटलं, "मले वाटे, तुमाले माही आली."

मग ते रडले, पाना. तुझा भाऊ रडताना तू कधी पाहिला आहेस का? भर दवाखान्यात, टोपी तोंडावर धरून. मीही रडले. हेमसिंगची बायको आम्हाला पाहून उगाच रडली. मला इतकं बरं वाटलं की ऑपरेशन झाल्यावरही तेवढं वाटलं नसेल.

ऑपरेशन झालं! चिकटलेलं सगळं कापून मोकळं केलं. साठलेलं रक्त निघालं, डांबरासारखं काळं. बाईंनी ज्याच्यासाठी गल्लीत गूळ वाटला तो नातू हाच, असं मी शुद्धीवर आल्यावर बोलले म्हणे. मला आठवत नाही, पण बोलले असेन. मांडीवरची पातळ कातडी काढून आत अस्तर लावलं आहे. आतल्यापेक्षा मांडीच जास्त दुखते. मी डॉक्टरीणबाईला म्हटलं, आमच्याकडे फाटक्या झब्ब्याला आतून ठिगळ लावतात तसंच की हे. ती म्हणाली, तसंच, पण हे ठिगळ जिवंत असतं.

आता गंमत ऐक. नवी कातडी पुन्हा चिकटू नये म्हणून आत स्पंजाचा साचा ठेवतात. आणि त्यावर काय चढवतात माहीत आहे? निरोध! तोच, लाल त्रिकोणाचा, सरकारनं पोरं होऊ नयेत म्हणून वाटलेला. माझा संसार पुन्हा सुरू व्हावा म्हणून तो कामाला आला. नर्स पाकीट फोडत होती आणि मी हसत होते, टाके ओढले जाईपर्यंत.

डॉक्टरीणबाई म्हणते, खरी मेहनत पुढेच आहे. घरी गेल्यावर महिनोन् महिने रोज साचा ठेवायचा, लहानाहून मोठा करत जायचा, कंटाळा केला तर सगळं पुन्हा आवळणार. दवाखान्याजवळ घरी देण्याजोगे साचे नाहीत. तिनं मापं काढून दिली आहेत. ती मापं तुझ्या भावाच्या खिशात आहेत. पुढचं देव जाणे.

तुझी जतन

मंगरूळपीर, ता. २० फेब्रुवारी १९७५

पाना,

पुढचं मी जाणते, सांगते. तुझे भाऊ ती मापं घेऊन ग्यानबा खराद्याकडे गेले. पाळण्याच्या खुंट्या आणि लाटणी करणारा तोच तो. ग्यानबानं कागद उलटासुलटा करून विचारलं, "शेटजी, हे कायचं व्हय?" आणि जन्मात खोटं न बोललेला तुझा भाऊ कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "औषधाचं." ग्यानबा म्हणाला, "मंग गुळगुळीत पाह्यजे." एवढंच. सागवानाचे असे घासून दिले आहेत की बोटाला लाकूड लागत नाही. डॉक्टरीणबाईनं हातात घेऊन पाहिले आणि विचारलं, हा कारागीर आणखी करून देईल का? वरून निरोध चढवायचा असतोच. सरकारी नर्सकडून तुझे भाऊ तो एवढा नेतात की तिनं त्यांना कुटुंबनियोजनाचा आदर्श नवरा म्हणून गावाला सांगितलं आहे. ते खाली मान घालून ऐकतात.

दुखतं का? पहिल्या आठवड्यात देव आठवले. आता नाही. ठिगळ धरलं आहे. या महिन्यात पाळी आली, सरळ, न दुखता, आणि मी न्हाणीत उभी राहून ओवाळणी मिळाल्यासारखी हसले. आजवर तिचा कंटाळा केला, त्याची माफी मागितली.

पण आता तुझं पत्र. शेलूबाजारला पोचलीस, बाईंनी लाड चालवले आहेत, डिंक-खोबरं आणून ठेवलं आहे आणि पुरचुंडीही बांधून दिवळीत ठेवली आहे. तू लिहितेस, 'बाईले नाही म्हणाची माही हिंमत नाही, तूच ये.' पाना, या एका ओळीसाठी मी तुझी तीन महिने वाट पाहिली. डॉक्टरीणबाईनं प्रवासाला होकार दिला आहे. मी येते. बाईंना सांगू नकोस कशाला येते ते. म्हण, वयनी नांदायला येते. तेही खरंच आहे.

जतन

शेलूबाजार, ता. ४ मे १९७५

लाडक्या पाना,

तू मालेगावला गेलीस आणि घर ओकंबोकं झालं. पाळणा अजून काढला नाही, चंदा त्यात मांजर निजवते.

सवा महिना तू मला रोज विचारलंस, त्या दिवशी दाराबाहेर काय झालं. मी हसून टाळत होते, कारण बाईंनी मला शपथ घातली होती. काल त्यांनीच ती सोडवली. म्हणाल्या, लिही तिले.

तर, तुझ्या कळा सुरू झाल्या तेव्हाच मी आत येऊन तुझा हात धरला, आठवतं ना? बाई बाहेरून ओरडल्या होत्या, शिवू नको, सोयर लागलं. मला लागायलाच हवं होतं. पोर रडलं, मुलगी म्हणून रंगूबाईनं सांगितलं, आणि मी उठून दारात येऊन उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून. समोर बाई. हातात वाटी, वाटीत पुरचुंडी.

आत जायचं तर मला शिवल्याशिवाय वाट नव्हती. आणि मला शिवलं की बाईंची दहा दिवस चूल बंद, मंदिर बंद. ज्यांनी उभ्या आयुष्यात सकाळचं दर्शन चुकवलं नाही त्या बाई. ज्या सोयरानं माझी पुरचुंडी दहा दिवस आत राहिली, तेच सोयर घेऊन मी दारात उभी होते.

"बाजूले हो, जतन."

"शिवा मले, मंग जा."

रंगूबाई आतून म्हणाली, आणा लवकर. बाई म्हणाल्या, घराची रीत मोडून राह्यली तू. मी म्हटलं, रीत तर मी पाळूनच राह्यले, बाई, उंबरा ओलांडला नाही अजून. मग माझा आवाज चढला, तोच तुला आतून ऐकू आला. मी सगळं सांगितलं. बुजलेली वाट, गुळाचं ताट, डांबरासारखं रक्त. बाईंना त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पाना. त्यांना अजूनपर्यंत वाटत होतं की माझं पोर पडलं आणि मी लपवलं.

बाई वाटीकडे पाहत बोलल्या, इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "पाना झाल्यावर माही बी वाट अशीच झाली. तुह्या सासऱ्याले मी पुन्हा जवळ येऊ देलं नाही. ते मरेपर्यंत समजले का मी धर्माले लागली. मले वाटे बाईचा जलम असाच राह्यते."

पाना, तू त्यांचं शेवटचं मूल का, हे आपण कधी विचारलं होतं का?

"मंग ते पानाले कायले देता?" मी विचारलं.

त्यांनी वाटी खाली ठेवली. आणि मला शिवल्या, पाना. खांद्याला नुसतं बोट नाही, चांगला हात लावला, घट्ट, मला दुखेल इतका. मला बाजूला सारलं आणि रिकाम्या हातांनी आत तुझ्याजवळ आल्या. तुला वाटलं नातीच्या मायेनं आल्या. तेही होतंच. रंगूबाई तोंडाला पदर लावून पाहत राहिली, मग म्हणाली, "मले माह्या मायनं जे शिकवलं ते मी केलं, बाई." मी म्हटलं, तुझा हात चांगला आहे, रंगू, तो राहू दे, पुरचुंडी तेवढी सोड. ती पुरचुंडी तिनंच उचलून न्हाणीच्या चुलीत टाकली. मोरचुदाचा हिरवागार जाळ उठला. चंदा टाळ्या पिटत होती, पुन्हा कर म्हणत होती.

दहा दिवस आपण तिघी सोयरात, आणि तुझे भाऊ चुलीपुढे. त्यांच्या पोळ्यांबद्दल मी काही लिहीत नाही, तू खाल्ल्या आहेस.

जाताना गाडीत बसण्याआधी तू माझ्या कानात जे विचारलंस, त्याचं उत्तर: होय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. दुखलं नाही. तुझ्या भावानं तुरीच्या पोत्यांवरचं अंथरूण गुंडाळून घरी आणलं आहे, आणि ग्यानबाचं काम माळ्यावर ठेवायला अजून अवकाश आहे, डॉक्टरीणबाई म्हणते काही महिने चालू द्यायचं. आम्ही चालू देतो आहोत. बाजारात आता गूळ आणखीच जास्त मोजला जातो.

आणि आता मुख्य. परवा सकाळी बाई आंघोळ करून, नवं लुगडं नेसून माझ्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, लघवीले जळते, उठता-बसता दुखते, तुही डॉक्टरीण मोठ्या बायाईले पाहते का? मी म्हटलं, पाहते. त्या म्हणाल्या, मले आता कायले पाह्यजे म्हणा. मग स्वतःच म्हणाल्या, "जीव तं माहा बी आहे."

काल आम्ही अकोल्याला गेलो. जीपमध्ये पुढची सीट त्यांनी मागून घेतली. आधी बसली होती तिला उठवलं. दवाखान्यात मी सोबत आत जायला निघाले तर मला बाहेर थांबायला सांगितलं. दार लोटलेलं होतं, बाहेर बाकावर बायकांची ही गर्दी. डॉक्टरीणबाईनं विचारलं, कुठे दुखतं? मी डोळे मिटले. मला वाटलं, आता 'तिथं' म्हणतील, नाहीतर पोटाला हात लावतील.

"योनिमार्ग," बाई म्हणाल्या. इतक्या मोठ्यानं की बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या.

औषध लावायला दिलं आहे, सुकलेली कातडी नरम करणारं, आणि लहान मापापासून सुरुवात सांगितली आहे. बरं होईल म्हणते. ग्यानबाकडे या वेळी मी स्वतः जाणार आहे.

तुझ्या लेकीला पोटाशी धर. तिला नाकाला नाक आणि गुडघ्याला गुडघा म्हणायला शिकवशील, तेव्हा तिथेच थांबू नकोस.

तुझी,
नांदती वयनी
जतन